ॲरबी डब्लिनचीच राहू द्या

इंग्रजी साहित्याचा अभ्यासक्रम बदलायची वेळ आली की आयरिश लेखक जेम्स जॉइसची ‘ॲरबी’ ही कथा वादात सापडतेच. एक पक्ष म्हणतो, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या डब्लिनमधल्या कुणा पोराची ही गोष्ट परभणीच्या नाहीतर पंढरपूरच्या मुलांनी कशाला वाचायची? काढा. दुसऱ्या पक्षाचं उत्तर ठरलेलं: पहिलं प्रेम आणि पहिला अपेक्षाभंग कुठल्या गावात नसतो? कथा वैश्विक आहे, राहू द्या. आवाज चढतात, चहा येतो, आणि बहुतेक वेळा कथा राहते. मग ती वर्गात कशी शिकवली जाते ते पाहिलं की वाटतं, काढली असती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे घोळ नको. ‘ॲरबी’ अभ्यासक्रमात हवी, आणि ती डब्लिनची कथा म्हणून हवी. वैश्विकतेच्या नावाखाली तिचं गाव, तिचे पैसे, तिची आगगाडी आणि तिचं घड्याळ काढून टाकलं तर उरतं काय? एका मुलाला एक मुलगी आवडली, तिच्यासाठी काहीतरी आणायला तो बाजारात गेला, उशिरा पोचला आणि हिरमुसला. एवढ्यासाठीच वाचायची असेल तर काढा म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे. अशा गोष्टी मराठीत ढिगाने आहेत आणि त्या वाचायला शब्दकोश लागत नाही. कथेच्या बचावाला उभे राहिलेले लोकच तिला इतकी पातळ करून ठेवतात की ती काढणं सोपं होऊन बसतं.

ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॉर्थ रिचमंड स्ट्रीट ही डब्लिनच्या उत्तर भागातली, एका टोकाला बंद असलेली गल्ली. काका-काकूंकडे राहणारा एक मुलगा समोर राहणाऱ्या मित्राच्या बहिणीत गुंततो. मित्राचं आडनाव मॅंगन. बहिणीला कथेत नावच नाही. ती एकदा विचारते, ॲरबी नावाच्या बाजाराला जाणार का? तिला स्वतःला जाता येणार नसतं, कारण त्याच आठवड्यात तिच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेचा रिट्रीट असतो. गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन, असं हा बोलून बसतो. शनिवारी रात्री तो पोचतो तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी असतात आणि जवळपास सगळे स्टॉल बंद झालेले असतात. एका उघड्या स्टॉलवरची मुलगी दोन तरुणांशी थट्टामस्करीत रमलेली असते. त्या तिघांचे उच्चार इंग्रजांचे असतात. काहीही न घेता तो वळतो, दिवे मालवले जातात, आणि वर अंधारात बघताना त्याला स्वतःचं रूप दिसतं: पोकळ मिजाशीने नाचवलेला, हसं झालेला एक जीव.

यावर आपल्याकडची गाइडं काय सांगतात? बागेच्या मधोमध सफरचंदाचं झाड आहे, म्हणजे बायबलमधली एडनची बाग. झुडपाखाली सायकलचा गंजलेला पंप आहे, म्हणजे साप. शेवटी एपिफनी, म्हणजे अचानक झालेला साक्षात्कार, आणि सगळ्यावर पॅरालिसिसचं, म्हणजे लुळेपणाचं झाकण. आता तो पंप नीट बघा. या घरात आधी एक पाद्री भाड्याने राहत होता आणि मागच्या खोलीत वारला, पंप त्याचा. म्हणजे हा सायकलवर फिरणारा पाद्री होता. त्याच्या मागे राहिलेल्या पुस्तकांत एक वॉल्टर स्कॉटची कादंबरी, एक धार्मिक पुस्तक, आणि तिसरं विदोकच्या आठवणींचं. विदोक म्हणजे गुन्हेगारीतून पॅरिसच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख झालेला माणूस! मुलाला तेच सगळ्यात आवडतं, का, तर पानं पिवळी पडलीयत म्हणून. पाद्री फार दानशूर होता, असंही मुलगा भाबडेपणाने सांगतो: सगळे पैसे त्याने संस्थांना ठेवले आणि बहिणीला घरातलं फर्निचर. एवढा मजकूर समोर असताना सापाच्या मागे धावायचं?

पॅरालिसिस हा शब्द मात्र गाइडवाल्यांनी पैदा केलेला नाही, हे मान्य केलं पाहिजे. तो जॉइसचाच आहे. १९०६ साली लंडनचा प्रकाशक ग्रँट रिचर्ड्स याला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलंय की डब्लिन हे शहर मला या लुळेपणाचं केंद्र वाटलं म्हणून मी ते निवडलं. पण आपल्या देशाच्या नैतिक इतिहासातलं एक प्रकरण लिहिण्याचा आपला बेत होता, हेही त्याच वाक्यात आहे. आपल्या देशाच्या; मानवजातीच्या नव्हे. वैश्विकतावाद्यांकडे याहून भारी पुरावा आहे, तोही मांडतो. आर्थर पॉवर या मित्राने जॉइसचं एक बोलणं नोंदवून ठेवलंय: मी नेहमी डब्लिनबद्दलच लिहितो, कारण डब्लिनच्या काळजापर्यंत पोचता आलं तर जगातल्या सगळ्या शहरांच्या काळजापर्यंत पोचता येईल, विशिष्टातच वैश्विक सामावलेलं असतं. हे वाक्य चर्चेत हुकमाच्या पत्त्यासारखं टाकलं जातं. पण त्यातला क्रम कुणी पाहतं का? आधी डब्लिन, मग जग. आपण पहिली पायरी गाळून थेट माडीवर उभे राहतो.

आणि गावाची नावं जर इतकी गौण होती, तर त्यांच्यावरून इतकं रामायण का झालं? ‘डब्लिनर्स’ या संग्रहातल्या कथा १९०४ पासून लिहिल्या जात होत्या, पुस्तक आलं १९१४ साली. मधली वर्षं प्रकाशक आणि मुद्रकांशी भांडण्यात गेली. लंडनच्या मुद्रकाला काही शब्द आणि काही प्रसंग खटकले. डब्लिनच्या प्रकाशकाला धसका होता तो खऱ्या पबांच्या, खऱ्या दुकानांच्या नावांचा. उद्या कुणी अब्रूनुकसानीचा दावा ठोकला तर? १९१२ साली डब्लिनमध्ये छापून तयार झालेले फर्मे मुद्रकाने नष्ट केले. वैश्विक गोष्टींना कुणी कोर्टात खेचत नसतं.

आता कथेतल्या पैशांकडे बघा, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. त्या वेळच्या चलनात बारा पेन्सचा शिलिंग आणि दोन शिलिंगांचा फ्लोरिन. त्या शनिवारी काका घरी येतो नऊ वाजता. दारात किल्ली फिरते, तो स्वतःशीच बडबडतोय, ओव्हरकोटाच्या वजनाने हॉलमधला स्टँड डुगडुगतो. या खुणांचा अर्थ मला लावता येत होता, एवढंच मुलगा म्हणतो. काका कुठून आला हे जॉइस लिहीत नाही. लिहायची गरजच नाही. जेवण अर्धं होईपर्यंत मुलगा पैसे मागत नाही. काका विसरलेला असतो. लोकांची एव्हाना एक झोप झाली असेल, असंही वर म्हणतो. काकू मध्ये पडते तेव्हा कुठे फ्लोरिन हातावर येतो. म्हणजे चोवीस पेन्स. ते नाणं मुठीत आवळून मुलगा बकिंगहॅम स्ट्रीटने स्टेशनकडे निघतो, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसतो. गाडी सुटता सुटत नाही. बाजाराच्या दाराशी सहा पेन्सचं प्रवेशद्वार काही सापडत नाही आणि बंद होईल या धास्तीने तो अख्खा शिलिंग देऊन आत शिरतो. शेवटी परत फिरताना खिशातली दोन पेनी तो सहा पेन्सच्या नाण्यावर पडू देतो.

आठ पेन्स. चोवीसातून बारा दारावर गेले, आठ खिशात आहेत, मधले चार आगगाडीने खाल्ले. भाड्याचा आकडा कथेत कुठेच नाही. तो वाचकाने वजाबाकी करून काढायचा. सहा पेन्सचं दार सापडलं असतं तर खिशात चौदा राहिले असते. समोर स्टॉलवर चिनी मातीच्या फुलदाण्या आणि फुलांच्या नक्षीचे टी-सेट. आठ पेन्सात यातलं काही येणं कठीण, हे त्याला कळतं. तरी माल बघण्याचं नाटक तो थोडा वेळ चालू ठेवतो. स्टॉलवरची मुलगी काही हवंय का असं विचारते, ते केवळ कर्तव्य म्हणून. हा प्रसंग ‘पहिल्या प्रेमाचा अपेक्षाभंग’ या डब्यात बसतो का? बसवला तर किती कापून बसवावा लागतो?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. असं केलं तर साहित्याचा तास इतिहासाचा होईल. मुलं चलन पाठ करतील, रस्त्यांची नावं पाठ करतील आणि कथा बाजूला राहील. हे होऊ शकतं. झालेलं मी पाहिलंही आहे. संदर्भाच्या ओझ्याखाली कविता चेंगरून मेल्याची उदाहरणं आपल्या प्रत्येक विद्यापीठात सापडतील. पण उपाय संदर्भ टाकून देणं हा नाही, तो कथेवर घासून पाहणं हा आहे. एक उदाहरण देतो. ॲरबी नावाचा बाजार खरोखर भरला होता: डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागात, १४ ते १९ मे १८९४, जर्व्हिस स्ट्रीट हॉस्पिटलच्या मदतीसाठी. शेवटचा दिवस शनिवारच. जॉइस तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याच सुमाराला त्याचं कुटुंब नॉर्थ रिचमंड स्ट्रीटवर राहत होतं. इथवर सगळं जुळतं. पण कथेतल्या त्या शनिवारी सकाळची हवा निर्दयपणे बोचरी आहे, घरातल्या खोल्या गार आणि उदास आहेत. खरा बाजार मे महिन्यातला. जॉइसने त्याला गारठवून ठेवलंय. बाजाराचा दिवस ठेवला, गल्ली ठेवली, हवा बदलली. का? हा प्रश्न शंभर टक्के साहित्याचा आहे, आणि खरी तारीख माहीत नसलेल्याला तो सुचणारच नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. मराठी माध्यमातून आलेली मुलं, वर्गात ऐंशी जण, कथेला दोन-तीन तासिका. त्यात फ्लोरिन आणि शिलिंग कुठे सांगत बसायचं? अडचण खरी आहे. पण मुलं गाइडकडे का वळतात? ‘एपिफनी म्हणजे काय ते कथेच्या आधारे स्पष्ट करा’ या प्रश्नाचं उत्तर कथा न वाचता लिहिता येतं म्हणून. ‘मुलाच्या खिशात शेवटी किती पैसे उरले आणि बाकीचे कुठे गेले’ हे कथा उघडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि त्याला लागणारं इंग्रजीही साधंच आहे. पाच-सहा पानांची तर गोष्ट. अमूर्त संज्ञा कमी इंग्रजी येणाऱ्याला पाठांतराकडे ढकलतात. नाणी, घड्याळ आणि दरवाजे त्याला वाक्यापर्यंत आणतात.

तिसरा आक्षेप मराठीचा, आणि त्यात मला बरंच तथ्य दिसतं. आमची मुलं इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन बाहेर पडतात आणि आपल्याच भाषेतली कथा शाळेनंतर उघडूनही पाहत नाहीत, ही शरमेची गोष्ट आहे. पण त्याचा दोष डब्लिनच्या पोरावर कसा जातो? ‘आपलं की परकं’ हे भांडण जॉइसच्या कॉलेजच्या दिवसांत डब्लिनमध्येही जोरात होतं. आयरिश भाषेचा कैवारी डग्लस हाइड याने १८९२ साली आयर्लंडने इंग्रजांची नक्कल सोडावी असं व्याख्यान दिलं होतं, आणि त्याचं म्हणणं पोकळ नव्हतं; दुष्काळानंतर आयरिश भाषा खरोखरच मरणपंथाला लागली होती. त्या वातावरणात कॉलेजात जाणारा जॉइस काय करत होता? नॉर्वेचा नाटककार इब्सेन वाचत होता. मूळ भाषेत वाचता यावा म्हणून नॉर्वेजियन शिकत होता. १९०० साली, अठराव्या वर्षी, लंडनच्या एका मासिकात त्याचा इब्सेनवरचा लेख छापून आला. पुढच्या वर्षी त्याने डब्लिनच्या नव्या नाट्यचळवळीवर कोत्या दृष्टीचा आरोप करणारं पत्रक काढलं. देशबांधवांना हे फितूरपण वाटलं असणार. पण नॉर्वेकडे बघत बसलेल्या या तरुणाने पुढे लिहिलं काय, तर नॉर्थ रिचमंड स्ट्रीट.

आपल्याकडे याहून वेगळं घडलं का? मराठी रंगभूमीने १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ उभं केलं ते ब्यर्नसन या नॉर्वेच्याच नाटककारावरून. मर्ढेकरांच्या १९४२ च्या ‘रात्रीचा दिवस’मध्ये संज्ञाप्रवाहाचा, म्हणजे मनातल्या विचारांचा ओघ जसाच्या तसा लिहिण्याचा, जो प्रयोग आहे, त्याची चर्चा जॉइसचं नाव घेतल्याशिवाय होत नाही. परकं वाचून मराठी बाटली नाही. परकं अर्धवट वाचलं तेव्हा मात्र नुसती नक्कल झाली, आणि त्याचीही उदाहरणं कमी नाहीत.

वैश्विकतेच्या घोषणेला कंटाळलेले काही जण अलीकडे वेगळा सूर लावतात: आयर्लंड इंग्रजांच्या टाचेखाली, आपणही तसेच, म्हणून ही आपल्या भाऊबंदांची कथा. ऐकायला छान. कथेत त्याला आधारही आहे. मुलगा काकूबरोबर बाजारात सामान उचलत चालतो तेव्हा रस्त्यावरचे गवई फीनियन, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणारा, क्रांतिकारक ओ’डोनोव्हन रोसा याच्यावरची गाणी म्हणत असतात. पण भाऊबंदकी इतकी सरळ नाही. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओ’ड्वायर आयर्लंडमधल्या टिपरारीचा. पुढच्याच वर्षी आयर्लंडमधल्या अत्याचारांच्या निषेधार्थ जालंधरला बंड करणारे कनॉट रेंजर्स पलटणीचे शिपाईही आयरिश, आणि तेही इथे इंग्रजांच्या पगारावर होते. जॉइसने ‘ॲरबी’ लिहिली १९०५ साली. त्याच साली भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड प्रसिद्ध झाला आणि त्या सर्वेक्षणाचा प्रमुख ग्रिअर्सन हा डब्लिन परगण्यात जन्मलेला. आयरिश माणूस साम्राज्याखाली दबलेला होता आणि साम्राज्याच्या कचेरीतही बसलेला होता.

ही गुंतागुंत कथेच्या नावातच आहे. ॲरबी म्हणजे डब्लिनने भाड्याने आणलेली पूर्व. खऱ्या बाजाराची जाहिरातच पौर्वात्य महोत्सव म्हणून झाली होती. मुलगा त्या नावातल्या पौर्वात्य जादूने भारावतो. तो निघताना काका एका अरबाने आपल्या लाडक्या घोड्याचा निरोप घेतल्याची इंग्रजी कविता काकूला म्हणून दाखवायच्या बेतात असतो. ती लिहिली कॅरोलाइन नॉर्टन या इंग्रज बाईने, आणि तिच्यातही प्रिय वस्तू आणि सोन्याची नाणी यांचाच सौदा आहे. त्या उघड्या स्टॉलच्या अंधाऱ्या दाराच्या दोन्ही बाजूंना मोठ्या बरण्या पूर्वेकडच्या पहारेकऱ्यांसारख्या उभ्या. डब्लिनच्या वाचकाला या पूर्वेचं अप्रूप सहज कळतं. आपण तर त्या पूर्वेतलेच. आपल्याला तिचा खोटेपणा आधी दिसतो. औरंगाबादचा किंवा मडगावचा विद्यार्थी इथे डब्लिनच्या विद्यार्थ्यापेक्षा वेगळं आणि कदाचित जास्त पाहू शकतो. पण कथा वैश्विक आहे असं सांगून आपण त्याची ती जागाच काढून घेतो.

ही कथा आपल्याकडे अनेकदा ‘ब्रिटिश साहित्य’ नावाच्या पेपरात बसवलेली असते, तो विनोद वेगळाच. आयरिश कवी शेमस हीनीला १९८२ साली समकालीन ब्रिटिश कवितेच्या संग्रहात घेतलं तेव्हा त्याने कवितेतूनच जाहीर पत्र लिहून बजावलं की माझा पासपोर्ट हिरवा, म्हणजे आयरिश आहे. कुणी म्हणेल, पण जॉइसचा पासपोर्ट तर मरेपर्यंत ब्रिटिशच होता, मिळत असलेला आयरिश त्याने घेतला नाही. खरं आहे. पण असल्या माणसाला कुठल्या पेपरात घालायचं, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा सोडून आपण अभ्यासमंडळाच्या पातळीवरच तो परस्पर मिटवतो.

आता शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण वैश्विक वाचन सगळ्यात जास्त नुकसान तिथे करतं. मुलगा म्हणतो, मला माझ्या मिजाशीने नाचवलं. वर्ग मान डोलावतो: बघा, मुलाला स्वतःची चूक कळली, तो मोठा झाला. पण कथेतला हिशेब काय सांगतो? काका उशिरा आला. पैसे उशिरा मिळाले. गाडी रेंगाळली. सहा पेन्सचं दार सापडलं नाही. ज्या धर्मादाय बाजारात तो गेला तिथे गरीब पोराला विकत घेता येईल असं काही त्याला दिसलं नाही, आणि गिऱ्हाईक म्हणून कुणी त्याला मोजलंही नाही. शहराने केलेल्या गोष्टींचं खापर एक मुलगा स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतोय, असं हे वाक्य वाचता येत नाही का?

यावरही उत्तर आहे, आणि ते मी टाळणार नाही. मिजास खोटी नाही. काकूबरोबर बाजारहाटाला जाताना दारुड्यांच्या आणि घासाघीस करणाऱ्या बायकांच्या गर्दीतून आपण एक पवित्र प्याला सांभाळून नेतोय अशी त्याची कल्पना असते. मुलीशी मात्र तो धड चार वाक्यंही बोललेला नसतो. सांगणारा मोठा झालेला माणूस आहे, त्याला त्या पोराचं थोडं हसूही येतंय. म्हणजे दोन्ही वाचनांना कथेत आधार आहे आणि भांडण खरंखुरं आहे. पण ते भांडण आठ पेन्स मोजल्याशिवाय सुरूच होत नाही.

म्हणून अभ्यासमंडळांना एवढंच म्हणणं आहे: कथा ठेवायची असेल तर तिला चार तासिका द्या, वर्गात डब्लिनचा एक नकाशा लावा, आणि एपिफनीवरचा पंधरा मार्कांचा प्रश्न निदान दोन-तीन वर्षं बंद ठेवा. हे जमणार नसेल तर खुशाल काढा, मी सह्या गोळा करायला येणार नाही. ग्रंथालयात ‘डब्लिनर्स’ असेलच, आणि तिथे तिला गाइड चिकटलेलं नसतं.